बायबल : ऐकलेले आणि वाचलेले

बारामती-इंदापूरच्या भागात ख्रिस्ती समाज संख्येने थोडा असला, तरी तो आपल्याला अपरिचित नाही. वर्गात, एस. टी.त, दवाखान्यात, कारखान्याच्या वसाहतीत ही माणसे आपल्याला भेटतात. त्यांच्याशी आपला व्यवहार आहे, बोलणेचालणे आहे. पण त्यांच्या धर्मग्रंथाशी मात्र आपली ओळख निव्वळ ऐकीव आहे. वसतिगृहावर रात्रीची चर्चा रंगली की, बायबल येशूने लिहिले, ख्रिस्ती लोक तीन देव मानतात, पाद्र्यापुढे कबुली दिली की पाप फिटते, येशू काश्मिरात येऊन राहिला होता, हा धर्म इंग्रजांनी आणला, अशी विधाने मोठ्या ठामपणे केली जातात. ऐकणारा ख्रिस्ती मित्र बहुधा गप्प बसतो. एकाने दहाजणांशी वाद किती घालावा?

यांतील प्रत्येक विधानाची शहानिशा करता येते आणि त्यासाठी ख्रिस्ती होण्याची गरज नाही, तसेच ख्रिस्ती धर्मावर डूख धरण्याचीही गरज नाही. जुन्या मराठीच्या पेपराला आपण 'लीळाचरित्र' वाचतो, म्हणून कोणी महानुभाव पंथाची दीक्षा घेत नाही. प्रस्तुत लेखातील भूमिका तेवढीच आहे.

इंग्रजांचा मुद्दा प्रथम निकालात काढू, कारण तो सर्वांत सोपा आहे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक व्यापाऱ्याने 'कल्लियाना' या बंदरात इराणहून नेमलेला बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे. हे बंदर म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि तेथे कॅथलिक समाज उभा राहिला. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले. त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापून निघाले, म्हणजे तुकोबांच्या हयातीत. हा जन्माने इंग्रज खरा, पण इंग्रजी राज्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पेशवाईत सवाई माधवरावांच्या काळी पुण्यात चर्चसाठी जागा देण्यात आली होती. उलट ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नकोच असत. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले, तेव्हा त्यांना परत जाण्याचा हुकूम झाला होता. खुद्द बारामतीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ज्यांनी काम सुरू केले ते मिशनरीदेखील इंग्लंडचे नव्हेत, ऑस्ट्रेलियातील 'चर्चेस ऑफ ख्राइस्ट' या मंडळीचे होते. इंग्रजी राज्याच्या छायेत मिशनांना बळ मिळाले हे कोणी नाकारू नये. पण 'आणला' हा शब्द चुकीचा आहे.

आता ग्रंथाकडे वळू. 'बायबल' हा शब्द ग्रीक भाषेतून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ 'पुस्तके' असा अनेकवचनी आहे. हा एक ग्रंथ नसून ते एक लहानसे ग्रंथालय आहे, असे म्हटले तर अर्धे गैरसमज जागच्या जागी विरघळतील. प्रॉटेस्टंट लोकांच्या बायबलात जुन्या कराराची ३९ व नव्या कराराची २७, अशी ६६ पुस्तके आहेत. कॅथलिकांच्या बायबलात ती ७३ आहेत. त्यांत कायदे आहेत, राजांच्या बखरी आहेत, स्तोत्रे आहेत, व्यवहारज्ञानाची वचने आहेत, 'गीतरत्न' नावाचे चक्क प्रेमकाव्य आहे आणि खाजगी पत्रेही आहेत. जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत, थोडा अरामी भाषेत. नवा करार ग्रीकमध्ये. पहिल्या मजकुरापासून शेवटच्या मजकुरापर्यंत हजारएक वर्षांचे अंतर सहज आहे. त्यामुळे 'बायबल असे म्हणते' या वाक्याला फारसा अर्थ नाही. बायबलातील कोणते पुस्तक, कोणाला उद्देशून, कोणत्या प्रसंगी म्हणते, हे विचारले पाहिजे.

येशूने यांतील एकही ओळ लिहिलेली नाही. त्याने काही लिहिल्याचा एकच प्रसंग शुभवर्तमानात येतो, तोही बोटाने जमिनीवर. आणि काय लिहिले ते सांगितलेले नाही. त्याच्या आठवणी शिष्यांनी जपल्या, तोंडी सांगितल्या आणि पुढे लिहून काढल्या. आपल्याला हे नवीन वाटण्याचे कारण नाही. श्रीचक्रधरांनीही स्वतः काही लिहिले नाही. ते गेल्यानंतर म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांना विचारून, स्वामींना भेटलेल्या माणसांना गावोगाव गाठून लीळा गोळा केल्या. लूक हा शुभवर्तमानकार आपल्या पुस्तकाच्या आरंभीच सांगतो की, प्रत्यक्ष पाहिलेल्यांकडून आलेल्या गोष्टी आपण नीट शोध घेऊन क्रमाने लिहीत आहोत. म्हाइंभटांचा आणि लूकचा उद्योग एकाच जातीचा आहे. सर्वांत जुने शुभवर्तमान मार्कचे. ते येशूच्या मृत्यूनंतर सुमारे पस्तीस-चाळीस वर्षांनी लिहिले गेले, असे बहुसंख्य अभ्यासकांचे मत आहे. पौलाची पत्रे त्याच्याही आधीची. नवा करार उघडला की शुभवर्तमाने पुढे आणि पत्रे मागे दिसतात, म्हणून लिहिण्याचा क्रमही तोच असेल, असे आपण समजतो. तो तसा नाही.

मग चार शुभवर्तमाने कशाला, आणि त्यांत फरक का? हा प्रश्न बारामतीच्या माणसाने तरी विचारू नये. कऱ्हेच्या काठी बसून मोरोपंतांनी एकशेआठ रामायणे रचली अशी ख्याती आहे. राम एकच, वनवास एकच, परंतु प्रत्येक रामायणाचा थाट निराळा. शुभवर्तमानकारांनी शब्दांचा खेळ मांडलेला नाही, एवढा फरक अवश्य लक्षात घ्यावा. त्यांच्यासमोरचे वाचक वेगवेगळे होते. मत्तय हा यहुदी वाचकांसाठी लिहितो, म्हणून तो अब्राहामापासूनच्या वंशावळीने आरंभ करतो. मार्कला घाई आहे. येशूच्या जन्माची कथाच तो सांगत नाही. लूकच्या कथेत बाळाच्या जन्माची बातमी पहिल्यांदा मिळते ती रानात रात्री कळप राखीत बसलेल्या मेंढपाळांना. आपल्याकडील धनगरांचे वाडे शेतात बसलेले ज्याने पाहिले आहेत, त्याला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. योहान तर जन्म, गोठा, मेंढपाळ सगळे सोडून थेट सृष्टीच्या आरंभापासून सुरुवात करतो. जाता जाता, नाताळच्या देखाव्यात दिसणारे तीन राजे बायबलात 'तीन' नाहीत आणि 'राजे'ही नाहीत. मत्तय फक्त पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांचा उल्लेख करतो, त्यांची संख्या देत नाही. २५ डिसेंबर ही तारीखही बायबलात नाही. एदेन बागेतील फळ सफरचंद होते असेही कोठे लिहिलेले नाही.

'करार' या शब्दाने आपल्याकडे फार घोटाळा केला आहे. करार म्हटला की स्टँपपेपर, मुदत, साक्षीदार आठवतात. आणि नवा करार झाला की जुना आपोआप रद्द. गोल्डस्मिड आणि विंगेट यांची जमाबंदी एकोणिसाव्या शतकात प्रथम आपल्या इंदापूर तालुक्यातच लागू झाली. ती तीस वर्षांची होती. मुदत भरली, नवी मोजणी आली आणि जुने दर संपले. जुना करार व नवा करार यांचे नाते असेच असावे, असे आपण गृहीत धरतो. परंतु ज्या हिब्रू शब्दासाठी 'करार' योजला आहे, त्यात व्यवहारापेक्षा आणभाकेचा अर्थ अधिक आहे. देव आणि लोक यांनी एकमेकांना बांधून घेण्याचा. दुसऱ्या शतकात मार्कियन नावाच्या गृहस्थाने जुना करार टाकून द्यावा असा पक्ष मांडला होता. चर्चने जुना करार टाकला नाही, मार्कियनला बाहेर काढले. तेव्हा आजही ख्रिस्ती मनुष्य जुन्या करारातील स्तोत्रे म्हणतो. त्याच वेळी हा भाग यहुद्यांचा जिवंत धर्मग्रंथ आहे, हे विसरता कामा नये. कोकणातील बेने इस्राएल लोक शतकानुशतके शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. तो शनिवार याच पुस्तकातला. ख्रिस्ती लोक रविवार पाळतात तो येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून.

बायबल 'बदलून टाकले' हा आरोप दोन्ही बाजूंनी बेफिकिरीने हाताळला जातो. एक पक्ष म्हणतो, सगळे बदलले. दुसरा म्हणतो, एक कानामात्रा बदलली नाही. दोन्ही खरे नाही. १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या गुहांत ज्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांत यशया या पुस्तकाची प्रत होती. ती तोवर ठाऊक असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुनी होती. ताडून पाहता किरकोळ भेद खूप निघाले, पण ग्रंथ तोच निघाला. उलट मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या बारा ओळी अत्यंत जुन्या हस्तलिखितांत नाहीत. योहानात येणारी, व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीची गोष्ट, जिच्यात पहिला दगड कोणी मारावा असा पेच येशू टाकतो, तीही जुन्या प्रतींत नाही. येशू बोटाने जमिनीवर लिहितो तो प्रसंग याच गोष्टीत आहे! ही माहिती कोणी शत्रूने उकरून काढलेली नाही. ख्रिस्ती पंडितांनीच ती काढली आणि आधुनिक आवृत्त्यांत तो मजकूर कंसात किंवा टीपेसह छापला जातो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून अपपाठ दूर केले, तेव्हा त्यांनी ज्ञानेश्वरी 'बदलली' असे आपण म्हणत नाही. बायबलातील अध्यायांचे आकडे मात्र तेराव्या शतकातले आणि नव्या करारातील ओळींचे आकडे १५५१ मधले; मूळ लेखकांना त्यांची गंधवार्ता नव्हती.

अलीकडे आणखी एक मत पसरले आहे. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने ३२५ मध्ये निकीयाची परिषद भरवली आणि तेथे मतदान घेऊन बायबलात कोणती पुस्तके घालावयाची ते ठरवले, असे ते मत. 'द दा विंची कोड' ही इंग्रजी कादंबरी २००३ मध्ये आली, तिच्यामुळे या मताचा फार प्रसार झाला. निकीयाच्या परिषदेचे ठराव उपलब्ध आहेत. त्यांत पुस्तकांच्या यादीचा विषयच नाही. वाद होता तो येशू आणि देव यांच्या नात्याविषयी. आजच्या २७ पुस्तकांची नेमकी यादी प्रथम दिसते ती अथानेशियस या बिशपच्या ३६७ सालच्या पत्रात, आणि तीही दीर्घकाळ चाललेल्या वापरातून आलेली. कादंबरीला इतिहास समजण्याचा दोष आपल्याकडेही आहेच. मराठी ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या बाबतीत आपण काय करतो ते आठवावे.

गैरसमजांचे सर्वांत मोठे कोठार मात्र भाषांतराच्या शब्दांत आहे. येथे आपल्या जिल्ह्यातील एका कामाची ओळख करून घेतली पाहिजे. दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंचे 'मुक्ती' मिशन आहे. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. संस्कृतच्या पंडिता म्हणून कलकत्त्यात त्यांचा गौरव झाला, १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषा शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर एकटीने केले. दीड तप हे काम चालले होते. खिळे जुळवणे, छापणे, बांधणी ही कामे मुक्तीतल्या स्त्रियांनी केली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या आणि त्यांचे बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. एका स्त्रीने मूळ भाषांतून सबंध बायबल भाषांतरित करावे, याला जगाच्या इतिहासातही फार थोडे जोड सापडतील. आणि आपल्या जिल्ह्यातील मराठीच्या विद्यार्थ्यांना हे ठाऊक नसते, हे नवल आहे.

मराठी बायबल त्यांच्यापूर्वीही होते. सेरामपूरहून विल्यम कॅरी व त्यांचे पंडित यांनी १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार काढला. पुढे मुंबईत अमेरिकन मिशननेही ते काम हाती घेतले. मग रमाबाईंना दुसरे करावेसे का वाटले? त्यांची तक्रार शब्दांविषयी होती. रूढ भाषांतरातील संस्कृत शब्दांना आपल्या दर्शनांचा वास चिकटलेला असतो. वाचणाऱ्या खेड्यातील बाईला तो शब्द कळत तरी नाही किंवा भलत्याच अर्थाने कळतो, असे त्यांचे म्हणणे. गंमत अशी की, याच रमाबाईंनी तरुणपणी इंग्लंडात असताना, क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आमची संस्कृत काय वाईट, म्हणून आपल्या इंग्रज गुरुभगिनीशी वाद घातला होता. संस्कृत ज्याला पुरती येते, तोच तिचे धोके जाणतो, असे दिसते. मूळ शब्दाला धरून राहण्याच्या आग्रहाने त्यांचे भाषांतर ठिकठिकाणी खडबडीत झाले आहे आणि सर्वत्र रूढ झाले नाही. पण त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न अजून जिवंत आहे. काही उदाहरणे घेऊ.

जुन्या मराठी बायबलात यशया, यिर्मया, आमोस यांना 'भविष्यवादी' म्हटले होते. साहजिकच लोकांना वाटले की, हे कोणी जोशी असावेत; आणि बायबल म्हणजे भविष्याचे पुस्तक. आमोस हा गुरेमेंढरे राखणारा आणि उंबराच्या जातीच्या झाडांची निगा करणारा माणूस. तो उठून सांगतो काय, तर खोट्या मापाने धान्य विकणारे आणि गरिबाला चपलांच्या जोडाच्या किमतीला विकत घेणारे, यांचा देवाला वीट आला आहे. हे भविष्यकथन नव्हे, ही खरडपट्टी आहे. पुढील भाषांतरांत 'संदेष्टा' हा शब्द आला आणि बरेच काम झाले.

'पुनरुत्थान' आणि 'नवा जन्म' या शब्दांनी आपल्याला पुनर्जन्म आठवतो. ख्रिस्ती मतात पुनर्जन्म नाही. मनुष्य एकदाच जन्मतो, एकदाच मरतो. पुनरुत्थान म्हणजे मेलेला मनुष्यच देवाने पुन्हा उठवणे. आत्म्याने जुना देह टाकून नवा घेणे नव्हे. 'नव्याने जन्मणे' हे शब्द येशूने निकदेम नावाच्या विद्वानाशी बोलताना वापरले आणि निकदेमाचाही आपल्यासारखाच गोंधळ झाला. म्हातारा माणूस आईच्या पोटात पुन्हा कसा शिरणार, असे त्याने विचारले. मुळातल्या ग्रीक शब्दाचे 'पुन्हा' आणि 'वरून' असे दोन्ही अर्थ होतात, आणि संवादाची सारी खुमारी त्या श्लेषात आहे. भाषांतरात ती हरवते. 'पवित्र आत्मा' यातील आत्मा उपनिषदांतला नव्हे. हिब्रू शब्दाचा मूळ अर्थ वारा, श्वास असा आहे.

'देवाचा पुत्र' या शब्दावर सर्वांत जास्त थट्टा होते. देवाला बायको होती काय, असे विचारणारे महाभाग आहेत. आपण शेतकऱ्याला भूमिपुत्र म्हणतो, तेव्हा जमिनीचे लग्न कोणाशी लागले असे कोणी विचारीत नाही. जुन्या करारात इस्राएलच्या राजालाही देवाचा पुत्र म्हटलेले आहे. अर्थात ख्रिस्ती लोक येशूच्या बाबतीत हा शब्द केवळ अलंकार म्हणून वापरीत नाहीत, त्यांचा दावा त्याहून मोठा आहे. पण तो शरीरसंबंधाचा दावा नाही. पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे त्रैक्याचे मत. त्यात मरियेचा समावेश नाही. ब्रह्मा-विष्णु-महेश यांच्याशी त्याची जुळणी केली जाते, तीही नीट बसत नाही, कारण येथे उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामाची वाटणी नाही. हे मत समजण्यास कठीण आहे यात शंका नाही, आणि ते कठीण वाटले म्हणून कोणी लाजण्याचे कारण नाही. खुद्द रमाबाईंना बाप्तिस्म्यानंतरही ते पटेना. चर्चची आज्ञा म्हणून मी काही मानणार नाही, शास्त्रात दाखवा, अशा आशयाची पत्रे त्यांनी इंग्लंडातील धर्मभगिनींना लिहिली. हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला आहे. ख्रिस्ती माणसे डोळे मिटून सारे मानतात, असे म्हणणाऱ्याने ती पत्रे अवश्य वाचावीत.

आचारांविषयी थोडे. सारे ख्रिस्ती एकच, हा मोठा भ्रम. वसईचा कॅथलिक आणि बारामतीचा प्रॉटेस्टंट यांच्या रीतींत पुष्कळ अंतर आहे. १९७० मध्ये नागपूर येथे सहा प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली. तरी वेगळ्या मंडळ्या पुष्कळ राहिल्या. बाप्तिस्म्याचेच पाहा. कॅथलिक तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा देतात. बारामतीत आलेल्या ऑस्ट्रेलियन मंडळीच्या मते कळत्या वयात स्वतः विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा, आणि तोही पाण्यात पूर्ण बुडवून. तेव्हा ख्रिस्ती घरात जन्मला की मूल आपोआप ख्रिस्ती, हेही सर्वांना मान्य नाही. पाद्र्यापुढे कबुलीचा संस्कार कॅथलिकांत आहे, बहुतेक प्रॉटेस्टंटांत नाही. आणि कॅथलिक शिकवणीतही खरा पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय आणि केलेल्या नुकसानीची भरपाई यांवाचून कबुलीला अर्थ नाही. चोरलेली सायकल दारात ठेवून क्षमा मिळत नाही.

ख्रिस्ती म्हणजे मांस आणि दारू, हे समीकरण तर सिनेमाने घट्ट केले. नव्या करारात काही खाल्लेच पाहिजे अशी आज्ञा कोठेही नाही. आपल्या खाण्याने भावाला ठेच लागत असेल, तर मांसाला शिवणार नाही, अशा अर्थाचे पौलाने लिहिले आहे. रमाबाई इंग्लंडात राहूनही शाकाहारी राहिल्या. गुड फ्रायडे हा येशूच्या मृत्यूचा दिवस असून त्या दिवशी हसतमुखाने शुभेच्छा देणे म्हणजे दहाव्याला पेढे वाटण्यासारखे आहे. त्यानंतरचा रविवार ईस्टर. त्याची तारीख दरवर्षी का बदलते, हे पंचांग पाहणाऱ्यास चटकन कळेल. २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून २०२४ साली तो होळीपौर्णिमेनंतर ३१ मार्चला आणि २०२५ साली हनुमान जयंतीनंतर २० एप्रिलला आला.

येशू भारतात आला होता या कथेचा उगम १८९४ मध्ये निकोलस नोटोविच या रशियन प्रवाशाने प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात आहे. लडाखमधील हेमिस मठात आपल्याला तसे हस्तलिखित वाचून दाखवण्यात आले, असे त्याने लिहिले. लगेच दुसऱ्या वर्षी आग्र्याचे प्राध्यापक डग्लस हेमिसला गेले. तेथील मुख्य लामाने असे कोणतेही पुस्तक मठात नाही असे सांगितले. मॅक्समुल्लरनेही ती कथा खोडून काढली होती. मराठीत बाबाराव सावरकरांचे 'ख्रिस्तपरिचय' हे पुस्तक १९४६ मध्ये निघाले आणि २०१६ मध्ये पुन्हा प्रकाशित झाले. त्यात ख्रिस्त हा तमिळ ब्राह्मण होता असे प्रतिपादन आहे. बाबारावांच्या त्यागाविषयी आदर बाळगूनही म्हणावे लागते की, नावांच्या उच्चारसाम्यावर इतिहास उभा राहत नाही. 'ख्रिस्त' आणि 'कृष्ण' यांचेही तसेच. ख्रिस्त हे नाव नसून पदवी आहे. 'मशीहा' या हिब्रू शब्दाचे ते ग्रीक रूप, अर्थ 'अभिषिक्त'. रायगडावरील राज्याभिषेक ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना या पदवीचे वजन वेगळे सांगावयास नको.

शेवटी, ज्या शब्दाने आपल्या बरोबरीच्या विद्यार्थ्याला सर्वांत अधिक बोचते, त्याविषयी. 'दुष्काळात धान्यासाठी बाटलेले' हा तो शब्द. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांत रमाबाईंनी मध्य प्रांत, गुजरात येथून शेकडो मुली केडगावला आणल्या; त्यांतील पुष्कळजणी ख्रिस्ती झाल्या, हे खरे. त्यावर टीका त्याही काळी झाली. शारदा सदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतात म्हणून १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले होते, आणि तो आक्षेप गंभीर होता. उपाशी माणसाची संमती मोकळी असते काय, हा प्रश्न आजही विचारावा. पण त्या मुलींना घ्यावयास दुसरे कोण स्टेशनावर उभे होते, हाही प्रश्न त्याच दमात विचारला पाहिजे. आणि सारे धर्मांतर असे नाही. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्या आधी आगगाडीत एका परक्या सहप्रवाशाने त्यांना बायबल दिले होते आणि त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारले गेले. त्यांना धान्याचा तोटा नव्हता. उलट घर, नातीगोती, काही वर्षे लक्ष्मीबाईसुद्धा दुरावल्या. 'स्मृतिचित्रे' आपण अभ्यासतो, तेव्हा भाषेचे सौंदर्य टिपतो आणि हे विसरतो.

आपल्या भागातील बहुतेक ख्रिस्ती कुटुंबे मूळची दलित. धर्म बदलला की जात गेली, असा एक समज आहे. पाणवठ्यावर आणि सोयरिकीत ती गेली नाही, कायद्यात मात्र गेली. १० ऑगस्ट १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने हा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात घेतले गेले. ख्रिस्ती घेतले गेले नाहीत. त्यासंबंधी विचार करण्यास ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्यामुळे प्रवेशअर्जावर धर्माचा आणि जातीचा रकाना भरताना आपल्या शेजारी बसलेला मुलगा जरा थबकतो. आजोबांचे नाव, गाव, वाडा तोच असतो. त्याच वेळी मागून कोणीतरी, तुमचे काय, तुम्हाला परदेशातून पैसे येतात, असे म्हणते.